नवे गोल्फ मैदान निवडताना आधी वाळू पाहावी

गोल्फच्या एखाद्या नव्या मैदानाची माहिती हाती आली की बहुतेक खेळाडू त्याची यार्डातील लांबी पाहतात, क्लबहाऊसची छायाचित्रे न्याहाळतात आणि आराखडा कोणाच्या नावावर आहे ते विचारतात. मी मात्र ते मैदान कोणत्या जमिनीवर उभे आहे, हे आधी शोधतो. ही सवय मला व्यवसायातून लागली आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वाळूच्या साच्यात धातू ओतणारी फाउंड्री चालवणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य वाळूची समजूत काढण्यात जाते. कण किती बारीक आहेत, कोणत्या चाळणीवर किती वाळू उरते, ओलावा किती टक्के आहे आणि साच्यातून वायू बाहेर पडण्याइतकी परमिॲबिलिटी तिच्यात आहे की नाही, यावरच कास्टिंग चांगले निघणार की भंगारात जाणार हे ठरते. गोल्फच्या ग्रीनखाली, म्हणजे चेंडू टाकायचा खळगा असलेल्या आखूड गवताच्या भागाखाली, काय असते हे मी पुढे वाचले, तेव्हा तेथेही हेच शब्द भेटले.

अमेरिकेतील गोल्फची शिखर संघटना असलेल्या यूएसजीएने ग्रीन बांधण्याची आपली पद्धत 1960 मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यात साधारण 30 सेंटिमीटर जाडीचा वाळूप्रधान थर असतो आणि त्याखाली 10 सेंटिमीटर खडी असते. आज पाळल्या जाणाऱ्या निकषांनुसार त्या थरातील किमान 60 टक्के कण पाव ते एक मिलिमीटर आकाराचे असावे लागतात आणि चिकण मातीचे प्रमाण 3 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नसते. आम्ही साचा उभा राहावा म्हणून वाळूत बेंटोनाइट ही चिकण माती मुद्दाम मिसळतो; गोल्फला नेमका तोच चिकटपणा नको असतो, कारण पाणी खाली उतरले नाही तर मुळे कुजतात, पृष्ठभाग भुसभुशीत राहतो आणि चेंडू पडतो तेथेच रुतून बसतो.

ग्रीनपुरती वाळू आणून टाकता येते. संपूर्ण मैदानासाठी ती आणायची म्हटले तर खर्चाला अंत राहत नाही. म्हणूनच गेल्या दहा वर्षांत ज्या नव्या मैदानांची जाणकारांनी वाखाणणी केली, त्यांतील बहुतेक मैदाने निसर्गतःच वाळू असलेल्या जागी झालेली आहेत. तेथे पाऊस थांबताच जमीन कोरडी आणि टणक होते, चेंडू पडल्यानंतर बराच घरंगळतो, आणि त्यामुळे ताकदीपेक्षा उताराचा अंदाज असणाऱ्या साठीच्या खेळाडूलाही तरुणाबरोबर बरोबरीने खेळता येते. हे लक्षात घेतल्यावर नव्या मैदानांची यादी आपोआप लहान होते. पुढे जे लिहितो आहे, त्यातील काही मैदाने मी स्वतः खेळलो आहे आणि काहींचा केवळ अभ्यास केला आहे. कोणती कोणत्या प्रकारची, हे त्या त्या ठिकाणी सांगेन.

खेळलेल्यांपैकी सर्वांत वर मी न्यूझीलंडमधील ‘ते आराई लिंक्स’ ठेवतो (‘ते’ हा नावाचाच भाग; लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचे मैदान). माझी मुलगी आणि जावई ऑकलंडला राहतात आणि तेथून उत्तरेला मोटारीने साधारण दीड तासावर पूर्व किनाऱ्यावर हे ठिकाण आहे. तेथे 18 होलची, म्हणजे खळग्यापर्यंतच्या 18 टप्प्यांची, दोन मैदाने आहेत. दक्षिणेकडील मैदान बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने आखले आणि ते ऑक्टोबर 2022 मध्ये खुले झाले. उत्तरेकडील मैदान टॉम डोक यांचे असून ते ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाले. क्रेनशॉ हे मास्टर्स या मोठ्या स्पर्धेचे 1984 आणि 1995 चे विजेते आहेत, परंतु त्यांच्या मैदानावर विजेत्याचा दिमाख कोठेही दिसत नाही. फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, इतके रुंद आहेत की सुरुवातीला खेळ सोपा वाटतो. नंतर उमगते की चेंडू फेअरवेवर असणे पुरेसे नाही, तो फेअरवेच्या कोणत्या बाजूला आहे यावर पुढच्या फटक्याचे सारे गणित आहे. डावीकडून ग्रीन उघडी दिसते, तर उजवीकडून तिच्यापुढे वाळूचा उंचवटा आडवा येतो. ज्याला हे वाचता येत नाही, त्याचाही चेंडू हरवत नाही, फक्त त्याचा एखादा फटका वाढतो. नवशिक्याला इतक्या सौजन्याने शिक्षा देणारी मैदाने फार थोडी असतात.

आपल्याकडे वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) वापरून, उंच मारून चेंडू ग्रीनवर थांबवण्याची सवय असते, कारण आपल्या मऊ जमिनीवर दुसरा इलाज नसतो. ‘ते आराई’ला समुद्रावरून वारा सुटलेला असताना तो उंच फटका हमखास भरकटतो. त्याऐवजी ग्रीनच्या वीस-पंचवीस पावले अलीकडे चेंडू टाकून तो घरंगळत जाऊ द्यावा लागतो, आणि प्रसंगी ग्रीनच्या बाहेरूनच पटर (चेंडू जमिनीवरून ढकलण्याची काठी) वापरावा लागतो. फेस्क्यू जातीचे बारीक गवत फेअरवेवर आणि ग्रीनवर एकसारखे असल्यामुळे फेअरवे कोठे संपला आणि ग्रीन कोठे सुरू झाली हे पायालाही कळत नाही. दोन मैदानांत निवड करायचीच असेल तर मी उत्तरेकडचे निवडेन. दक्षिणेकडील मैदान सतत समुद्राजवळून जाते आणि छायाचित्रात तेच सरस दिसते. उत्तरेकडील मैदान मात्र किनारा सोडून आत पाइनच्या जंगलात शिरते, वारा अचानक पडतो, अंदाज चुकू लागतात आणि परतताना पुन्हा समुद्र समोर येतो. जाण्याआधी कोणत्या दिवशी कोणते मैदान पाहुण्यांना खुले आहे, हे विचारून घेणे आवश्यक आहे, कारण सभासद आणि पाहुणे यांचे वेळापत्रक वेगळे असते.

पाइनचा उल्लेख मुद्दाम केला. सरकती वाळू रोखण्यासाठी किंवा लाकडासाठी जेथे पूर्वी पाइन लावले गेले, अशा जागांवर अलीकडील कितीतरी मैदाने निघाली आहेत. टास्मानियात होबार्टच्या विमानतळाजवळ डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेले सेव्हन माइल बीच हे त्यांतलेच एक होय. व्यावसायिक गोल्फपटू मॅथ्यू गॉगिन हा मूळचा तेथलाच. ही कल्पना त्याने अनेक वर्षे लावून धरली आणि माइक क्लेटन व माइक डीव्रीज यांनी मैदान आखले. ते मी खेळलेलो नाही, परंतु ऑस्ट्रेलियात नातेवाईक असलेल्या कोल्हापूरकरांनी तेथे जाण्याचा विचार अवश्य करावा, कारण ते केवळ सभासदांसाठी राखीव नाही. हे वाचून कोणाला कोकणातील सुरूची बने आठवतील. किनाऱ्यावरची वाळू उडू नये म्हणून तीही लावलेली आहेत, हे खरे. तथापि तो पट्टा अरुंद आहे, त्यामागे लगेच माड-पोफळीच्या बागा आणि माणसांची घरे आहेत आणि किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. तेथे गोल्फ मैदान व्हावे, असे मला मुळीच वाटत नाही.

वाळूची जागा मिळाली म्हणजे ती गोल्फसाठी योग्यच, असेही नाही. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या उत्तरेला डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचे पहिले मैदान 2012 मध्ये सुरू झाले. ज्या फोव्हेरन लिंक्सच्या टेकड्यांवर त्याचा काही भाग आहे, त्या टेकड्यांना वाऱ्याबरोबर सरकण्याच्या गुणामुळेच शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षण होते. मैदानासाठी वाळू गवताने बांधून टाकली गेली, तिचे सरकणे थांबले आणि 2020 मध्ये तो संरक्षित दर्जा काढून घेण्यात आला. त्याच वर्षी उत्तर स्कॉटलंडमधील कूल लिंक्सचा प्रस्ताव तेथील सरकारने पर्यावरणाच्या कारणास्तव नाकारला. ॲबरडीनला आता त्याच मालकांचे दुसरे मैदानही 2025 मध्ये सुरू झाले आहे आणि ते देखणे आहे, असे म्हणतात. माझ्यापुरते सांगायचे तर ब्रिटिश बेटांवर जाण्याचा योग आला तर मी आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात रोसापेना येथील सेंट पॅट्रिक्स लिंक्सला आधी जाईन. 2021 मध्ये खुले झालेले टॉम डोक यांचे हे मैदान ज्या जागेवर आहे, तेथे पूर्वी जॅक निकलस यांच्या आराखड्याचा मोठा प्रकल्प सुरू होऊन रखडला होता. शिवाय मे ते सप्टेंबर हा तेथला हंगाम आपल्या पावसाळ्याच्या काळात येतो, जेव्हा आपल्याकडे खेळ जवळजवळ बंदच असतो.

अमेरिकेत नव्या मैदानांची रेलचेल आहे, पण सगळीकडे धावण्याचे कारण नाही. विस्कॉन्सिन राज्यातील सँड व्हॅली येथे 2023 मध्ये सुरू झालेले लिडो हे कुतूहलासाठी उत्तम आहे. मूळ लिडो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दलदलीत वाळू भरून सी. बी. मॅकडोनाल्ड यांनी उभारले होते. ते 1917 मध्ये खुले झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती जागा नौदलाकडे गेल्यावर नामशेष झाले. पीटर फ्लोरी या हौशी अभ्यासकाने जुन्या छायाचित्रांवरून संगणकावर त्याची प्रतिकृती तयार केली आणि टॉम डोक यांनी उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्या बुलडोझरने तोच चढउतार विस्कॉन्सिनच्या वाळूत पुन्हा कोरला. पॅटर्नवरून साचा आणि साच्यावरून नग काढण्याचा हा प्रकार माझ्या परिचयाचा असल्यामुळे मला त्याचे विशेष कौतुक वाटते. परंतु खेळायला मी त्याच आवारातील सेज व्हॅली निवडेन. 2024 मध्ये सुरू झालेले हे मैदान पार 68 चे, म्हणजे चांगल्या खेळाडूने 68 फटक्यांत पुरे करावे असे, असून लांबी सुमारे 5,800 यार्डच आहे. पार 72 आणि 7,000 यार्ड नसेल तर ते खरे मैदानच नव्हे, या समजुतीला मिळालेले हे चांगले उत्तर आहे. आपल्यातील सामान्य खेळाडूचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, दोनशे यार्डांच्या आसपास पडतो आणि 7,000 यार्डांच्या मैदानावर त्याला ग्रीन गाठण्याचा आनंद क्वचितच मिळतो.

टेक्सासमधील पीजीए फ्रिस्कोची दोन मैदाने 2023 मध्ये सुरू झाली. तो सारा प्रदेश काळ्या चिकण मातीच्या गवताळ पट्ट्यात येतो, म्हणजे आपल्या शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या जमिनीचीच जात. उन्हाळ्यात भेगा पडणार आणि पावसात बूट उचलणार नाही. पूर्वेकडील मैदान गिल हान्स यांनी आखले आणि 2025 ची महिला पीजीए स्पर्धा तेथेच मिंजी लीने जिंकली, त्यामुळे काळ्या मातीवर उत्तम मैदान होतच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र त्यासाठी लागणारा निचऱ्याच्या नळांचा आणि भरावाचा खर्च झेपणारे मालक सर्वत्र नसतात.

उत्तर कॅरोलायनातील पाइनहर्स्ट येथे एप्रिल 2024 मध्ये दहावे मैदान खुले झाले. जुन्या वाळूच्या खाणीची ती जागा आहे आणि आठव्या होलवर खाणकामातून उरलेले ढिगारे तसेच ठेवून त्यांच्यामधून खेळ नेलेला आहे. तथापि मला त्या परिसरातील अधिक महत्त्वाची गोष्ट वाटते ती 2017 मध्ये सुरू झालेले क्रेडल नावाचे नऊ होलचे छोटे मैदान. ते केवळ 10 एकरांत आहे आणि नऊही होलची एकत्रित लांबी 789 यार्ड आहे. दोन वेज आणि एक पटर घेऊन तासाभरात खेळ होतो, आजोबा आणि नातू एकत्र खेळू शकतात, आणि नव्याने येणाऱ्याला महागड्या किटची गरज भासत नाही. अठरा होलसाठी सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते. कोल्हापूरच्या आसपास, जेथे उसाची जमीन गुंठ्यावर मोजली जाते आणि बांधावरून भावाभावांत कज्जे चालतात, तेथे इतकी सलग जमीन मागणे म्हणजे वेडेपणा आहे. दहा एकर म्हणजे चारशे गुंठे. ही मागणी निदान ऐकून तरी घेतली जाईल.

असे छोटे मैदान आपल्याकडे व्हायचे झाले तर भरावाचा प्रश्न येतो, आणि त्याबाबत एक सूचना करावीशी वाटते. आमच्या फाउंड्रींमधून वापरून झालेली वाळू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते आणि ती टाकायची कोठे, हा या जिल्ह्यातला जुना प्रश्न आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कृषी खाते आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्यासह केलेल्या अभ्यासात लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या फाउंड्रींमधील सिलिका वाळू कृत्रिम माती बनवण्यासाठी आणि रस्त्याच्या भरावासाठी वापरता येते, असा निष्कर्ष काढला आहे. ग्रीनखाली ती चालणार नाही, कारण तिच्यात बेंटोनाइट उरलेला असतो. टीचे (जेथून पहिला फटका मारतात ते) उंचवटे आणि पायवाटा यांच्या भरावासाठी मात्र विचार करता येईल. प्रत्येक फाउंड्रीची वाळू वेगळी असल्याने फिनॉल आणि जड धातूंची तपासणी, तसेच प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, यांवाचून हे पाऊल उचलू नये.

भारतातील नव्या मैदानांबद्दल उत्साहाने लिहिण्यासारखे फार नाही. याचे कारण वाळूच्या अभावापेक्षा अर्थकारणात आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील आपली बरीच मैदाने बंगल्यांच्या वसाहतींचे आकर्षण म्हणून उभारली गेली. आधी प्लॉट पाडायचे आणि त्यांच्या मधल्या जागेतून फेअरवे न्यायचा, अशा पद्धतीमुळे एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत इतके अंतर पडते की चालत खेळणे अवघड होते आणि कार्ट घ्यावीच लागते. दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या असल्यावर ड्राइव्ह मारताना हात आखडतो तो वेगळाच. गुरुग्राममधील डीएलएफचे गॅरी प्लेअर यांनी आखलेले मैदान 2015 पासून आहे आणि इंडियन ओपन पाहण्यासाठी ते रंगमंच म्हणून प्रेक्षणीय आहे. 2019 मध्ये स्टीफन गॅलाकरने शेवटच्या दिवशी सातव्या होलवर आठ फटके खर्चूनही ती स्पर्धा जिंकली होती. मात्र जेथे विजेताही पार चारच्या होलवर आठ घेतो, तेथे अठरा हँडिकॅपच्या, म्हणजे पारपेक्षा साधारण अठरा फटके जास्त घेणाऱ्या, माणसाने हौसेखातर एकदा जावे, दुसऱ्यांदा जाण्याची घाई करू नये.

त्यामुळे माझा कल सार्वजनिक मैदानांकडे आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने कुतुब येथील जुन्या मैदानानंतर द्वारका येथे अठरा होलचे मैदान उभारले, ही चांगली घटना होय. आपल्या राज्यात सिडकोचे खारघरचे मैदान याच वर्गातले आहे. ते अगदी नवे राहिलेले नाही, परंतु सभासदत्वाशिवाय पैसे भरून खेळता येणे, ही महाराष्ट्रात अजूनही अपूर्वाई आहे. तिन्ही बाजूंना डोंगर असल्याने सकाळी लवकरची वेळ घ्यावी. कोल्हापूरहून निघणाऱ्यांनी कागल-सातारा रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम लक्षात घेऊन आदल्या दिवशीच पनवेलला मुक्काम करणे बरे.

आठवडाभराची सवड आणि बेताचा खर्च असेल, तर मी व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्याची शिफारस करीन. दानांग आणि होई आन या दोन गावांच्या परिसरात सहज जाता येतील अशी अनेक मैदाने आहेत आणि त्यांतले होयाना शोअर्स हे सर्वांत नव्यांपैकी एक आहे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी ते आखले. श्रीनगरचे रॉयल स्प्रिंग्ज ज्यांनी खेळले आहे, त्यांना हे नाव ठाऊक असेल. परंतु दोन्हींत साम्य शोधू नये. श्रीनगरला झाडे आणि झबरवानचे डोंगर खेळाला आकार देतात. होयानाला उघडी वाळू, समुद्र आणि दूरवर चाम बेटे एवढेच आहे, आणि दुपारचा वारा सुरू झाला की तेच पुरे होते. उष्ण प्रदेशात फेस्क्यू टिकत नाही, म्हणून दक्षिण-पूर्व आशियातील नव्या मैदानांवर झॉयसिया किंवा बर्म्युडा गवत असते. त्यावर चेंडू ‘ते आराई’इतका घरंगळत नाही, पण झॉयसियाच्या ताठ पात्यांवर तो अलगद उचलून धरल्यासारखा बसतो आणि मधल्या आयर्नचे (मध्यम पल्ल्याच्या काठ्यांचे) फटके आपल्याकडच्यापेक्षा स्वच्छ लागतात.

होयानाला जोडून ग्रेग नॉर्मन यांनी आखलेले दानांगचे 2010 चे मैदान, बा ना हिल्सचे ल्यूक डोनाल्ड यांचे 2016 चे मैदान आणि निक फाल्डो यांनी आखलेले 2013 चे लागुना लांग को, यांपैकी दोन तरी घ्यावीत. लागुनाला मैदानाच्या ऐन मध्ये भातशेती राखलेली आहे आणि तेथील तण ताब्यात ठेवण्याचे काम म्हशी करतात. कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या गावातल्या खेळाडूला तेथे एकाग्रता राखणे कठीण जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. सप्टेंबर ते डिसेंबर हा तेथला पावसाळा असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या रस्त्यांवर पाणी येते, म्हणून फेब्रुवारी ते मे हा काळ धरावा. कॅडी (काठ्या वाहणारी मदतनीस) घ्यावीच लागते, त्या बहुतेक स्त्रिया असतात आणि ग्रीनचा उतार त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. कॅडीची बक्षिसी ग्रीन फीमध्ये, म्हणजे खेळण्याच्या शुल्कात, धरलेली नसल्यामुळे स्थानिक चलन खिशात ठेवावे आणि समुद्राकाठच्या मैदानांसाठी शक्यतो सकाळी सातच्या आतली टी-टाइम (खेळ सुरू करण्याची वेळ) मागून घ्यावी.